नव्वद दिवसांत तीन लाख कुठून आणायचे?

नमस्कार. ‘ईसॉपला पगार समजू नका’ या माझ्या लेखावर तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. (ईसॉप म्हणजे कंपनीचे शेअर ठरलेल्या किमतीला विकत घेण्याचा कर्मचाऱ्याला दिलेला हक्क, म्हणजेच ऑप्शन.) तुमचं म्हणणं असं की मी तरुणांना घाबरवतोय, ईसॉपमधून कर्मचारी श्रीमंत झाल्याचं इन्फोसिसचं उदाहरण गाळलं आणि स्टार्टअपच्या ईसॉपना मिळालेली करसवलत लपवली.

सवलतीचं मान्य. ती लेखात यायलाच हवी होती. 2020च्या अर्थसंकल्पात ती आली. पण त्यासाठी स्टार्टअप म्हणून नुसती सरकारी मान्यता पुरत नाही, आंतरमंत्रालयीन मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. शिवाय कर माफ होत नाही, पुढे ढकलला जातो. आणि नोकरी सोडली की लगेच भरावा लागतो! ज्याला सवलतीची खरी गरज, त्याची ती तिथेच संपते.

इन्फोसिस 1993 साली शेअर बाजारात आली, ईसॉप 1994 मध्ये. तिथे शेअरला गिऱ्हाईक होतं, भाव रोज पेपरात छापून यायचा. तुमच्या कंपनीची बाजारात नोंदणी नाही, असं तुम्हीच लिहिलंय. मग हा हिशोब बघा. 1000 ऑप्शन, एक्सरसाइजची, म्हणजे हक्क वापरून शेअर घेण्याची, किंमत 50 रुपये, शेअरचं मूल्यांकन 850. फरक 8 लाख, तो पगारातच धरला जातो. 30 टक्क्यांचा स्लॅब आणि सेस धरून कर 2,49,600. वर शेअरचे 50 हजार. म्हणजे जवळजवळ तीन लाख खिशातून घालायचे, आणि हातात येतो तो विकता न येणारा शेअर. उद्या त्याचा भाव 200 झाला तरी भरलेला कर परत मिळत नाही. शेअर विकला तर तोटा दाखवता येतो, पण तो फक्त भांडवली नफ्यातून वजा होतो. पगारदार माणसाकडे तसा नफा असतो कुठे?

हे मी ऐकीव लिहीत नाही. मी पुण्यातली नोकरी सोडली तेव्हा माझं चार वर्षांचं व्हेस्टिंग, म्हणजे ऑप्शन वापरता येण्याआधी भरायचा नोकरीचा काळ, पूर्ण झालं होतं. एचआरच्या मेलमध्ये अगदी खाली एक ओळ होती: 90 दिवसांत एक्सरसाइज केलं नाही तर ऑप्शन रद्द. घराचे हप्ते नुकतेच सुरू झाले होते. बायकोने पासबुक आणि ग्रँट लेटर (ऑप्शन दिल्याचं कंपनीचं पत्र) जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवलं. आम्ही दोनदा बेरीज केली आणि ऑप्शन सोडून दिले.

‘सीईओपासून इंजिनिअरपर्यंत सगळे एकाच नावेत’ हे तुमचं वाक्य म्हणूनच पटत नाही. सीईओ सही करण्याआधी वकिलाला कागद दाखवतो, मुदत वाढवून मागतो. तेवीस वर्षांचा मुलगा रुजू होण्याच्या दिवशी वीस कागदांवर सह्या करतो, त्यातलाच हा एक.

ईसॉप बंद करा, असं मी कुठेही म्हटलेलं नाही. चार वर्षं राबलेल्या माणसाला कंपनीत वाटा मिळावा, हे मलाही मनापासून वाटतं. नोकरी सोडल्यावर किती मुदत द्यायची हे कंपनीच आपल्या योजनेत ठरवते. तुमच्या योजनेत किती दिवस आहेत, ते इथे लिहाल का?