जरा दुखतंय

मराठीत 'जरा' हा शब्द फार घातकी आहे. "जरा सरका" म्हणणारा अख्खा बाक बळकावतो, "जरा थांब, आलोच" म्हणणारा तासाने उगवतो आणि "जरा दुखतंय" म्हणणारा चार महिन्यांनी फिजिओथेरपिस्टच्या टेबलावर पालथा पडलेला असतो. तो मी.

पोटरी संपून टाच सुरू होते तिथे एक जाड कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, असते, अकिलीस टेंडन. धावताना तिच्यावर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट ताण येतो म्हणे. मी माझ्या वजनाला आठने गुणून पाहिलं आणि कंडरेची आयुष्यात पहिल्यांदा कीव आली. जिच्या नावात आहे त्या ग्रीक पुराणातल्या वीर अकिलीसला कुठलीच जखम होऊ नये म्हणून आईने टाच धरून नदीत बुचकळलं, म्हणून टाच तेवढी कच्ची राहिली. आपल्याकडे श्रीकृष्णाच्या तळपायाला बाण लागला, तो मारणाऱ्या पारध्याचं नाव जरा. आणि जरा म्हणजे म्हातारपणसुद्धा! माझा केसपेपर व्यासांनी आधीच लिहून ठेवला होता, मीच वाचला नव्हता.

या दुखण्याची लबाडी अशी, की सकाळी पलंगावरून उतरलं की पाय लाकडाचा. न्हाणीघरापर्यंत मी बदकाच्या चालीने जायचो. पण धावायला लागलो की दुसऱ्या किलोमीटरला सगळं शांत. मला वाटायचं, पळालं दुखणं! ते कुठलं पळतंय, ते दुसऱ्या दिवशी पहाटे व्याजासकट वसुलीला हजर.

डॉक्टरांकडे गेलो त्या दिवशीही हेच झालं. गाडी लांब लावावी लागली, चालता चालता पाय मोकळा झाला आणि तपासायच्या टेबलावर दुखरी जागा काही केल्या सापडेना. मी दोन्ही टाचा चाचपतोय, डॉक्टर घड्याळाकडे बघतायत. शेवटी त्यांनीच चिमटीत बरोबर जागा पकडली. मी जो आवाज काढला, त्याने बाहेर बसलेले दोन पेशंट उठून गेले असावेत.

"धावता कशाला?" डॉक्टर म्हणाले.

दात दुखतो म्हणणाऱ्याला "चावता कशाला?" असं कोणी विचारत नाही. धावणाऱ्याला मात्र हा प्रश्न अस्थिरोगतज्ज्ञापासून लिफ्टमध्ये भेटणाऱ्यापर्यंत सगळे विचारतात. मी म्हटलं, "तब्येतीसाठी." त्यांनी माझ्या टाचेकडे पाहिलं आणि काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

सहा आठवडे विश्रांती. मी ती इमानाने घेतली. घरच्यांच्या मते मी त्या काळात दुखण्यापेक्षा जास्त त्रासदायक होतो. सातव्या आठवड्यात धावलो आणि कळ गोतावळ्यासह परत आली. झोपून राहिल्याने कंडरा शांत होते, ताकदवान होत नाही, हे मला तेव्हा कोण सांगणार? दुसऱ्या डॉक्टरांना म्हटलं, "एक स्टिरॉइडचं इंजेक्शन द्या आणि सोडवा." ते म्हणाले, "तिथे दिलं तर कंडरा कमकुवत होऊन तुटू शकते." मी विचारलं, "तुटली की दुखायचं थांबेल का?" त्यांनी बेल वाजवून पुढचा पेशंट बोलावला.

अशा रीतीने मी फिजिओथेरपिस्ट मॅडमच्या टेबलावर पालथा पडलो. त्यांनी पोटरी दाबली, पाऊल आपोआप हललं. "तुटलेली नाही," त्या म्हणाल्या. इतक्या महिन्यांत कानावर पडलेलं हे पहिलं चांगलं वाक्य.

मग त्यांनी स्वीडनच्या हाकान अल्फ्रेडसन यांची गोष्ट सांगितली. हे स्वतः अस्थिशल्यविशारद, आणि यांचीच अकिलीस दुखायची. ऑपरेशन करा म्हणाले, तर वरिष्ठांनी नकार दिला. हा रजेवर गेला तर काम कोण करणार? तेव्हा या गृहस्थांनी ठरवलं, आता कंडरा तोडूनच दाखवतो, म्हणजे ऑपरेशन करावंच लागेल. दुखेल तितकी टाच रोज ताणली. आणि ती तुटायच्या ऐवजी बरी झाली! १९९८ साली त्यांनी १५ धावपटूंवर केलेला प्रयोग छापला. १२ आठवड्यांनी पंधराही जण धावायला लागले. वरिष्ठांनी रजा नाकारल्याने जगाचं भलं झाल्याचं दुसरं उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

व्यायाम सोपा. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं आणि दुखऱ्या पायाची टाच सावकाश खाली सोडायची. गुडघा सरळ ठेवून १५ वेळा, तीनदा. गुडघा वाकवून तेवढंच. सकाळ-संध्याकाळ. म्हणजे दिवसाला १८०, बारा आठवड्यांत १५,१२०. जिन्यात उभं राहून मी नव्वदपर्यंत पोचलो, की नेमके वरचे काका विचारायचे, "काय, किल्ली विसरलात?" त्यांना उत्तर देताना आकडा हुकायचा. मॅडमनी थोडं दुखलं तर चालेल म्हणून सांगितलं होतं. पुन्हा पहिल्यापासून मोजायचं का, ते सांगितलं नव्हतं. मी तडजोड म्हणून साठपासून धरायचो.

बारावा आठवडा संपला. सकाळी पलंगावरून उतरलो आणि बदक दिसलं नाही. मॅडमची परवानगी मिळाली: एक मिनिट धावायचं, दोन मिनिटं चालायचं, असं फक्त सहा वेळा.

मी बूट बांधले आणि दारातून आत हाक मारली, "जरा धावून येतो गं!"

आतून बायको नुसती आली नाही, कमरेवर हात ठेवून आली. "जरा म्हणजे किती?"