भुसा, ढलप्या आणि दर उन्हाळ्यात येणारा मेसेज

होळी झाली की आमच्या सांगलीतल्या बागवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. ‘झाडाखाली लाकडाचा भुसा, ढलप्या टाकू नका. लाकूड मातीतलं नत्र ओढतं, वाळवी लागते, माती आंबट होते. त्यापेक्षा पाइनची साल विकत आणा.’ यंदा मला तो चौघांनी पाठवला.

आधी नत्राचं बघू. यात तथ्य आहे, पण निम्मंच. भुशात 1 भाग नत्रामागे 400 च्या आसपास भाग कार्बन असतो. तो कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्र अपुरं पडतं, मग ते मातीतलं घेतात. पण घेतात कुठलं? लाकूड जिथं मातीला टेकलंय तिथलं. ढलप्या वर पसरल्या तर हा सगळा कारभार वरच्या पातळ थरात उरकतो. भाजीचं कोवळं रोप सोडलं, तर मोठ्या झाडाला त्याची झळ लागत नाही. भुसा मातीत कालवला की मात्र थेट मुळांच्या तोंडचा घास जातो. मी हा उद्योग केलाय. वांग्याच्या वाफ्यात दोन घमेली भुसा कुदळीनं मिसळला आणि थोड्याच दिवसांत खालची पानं पिवळी पडायला लागली. शेणाची स्लरी घालून झाडं सावरली, पण पहिला तोडा गेला तो गेलाच. आता जास्वंदीखाली ढलप्यांचा दोन-तीन इंच थर असतो, खोडापासून चार बोटं लांब. एप्रिलात तो बाजूला सारला तर खाली माती ओली आणि ढलप्यांना बुरशीचे पांढरे धागे. लोक ते बघून घाबरतात. घाबरू नका, लाकूड कुजतंय एवढंच.

वाळवी लाकडातून जन्मत नाही, ती मातीत असतेच. तरी घराच्या भिंतीला लागून ढलप्या टाकू नयेत, एवढं मेसेजवाल्याचं मान्य.

माती आंबट होते म्हणे! आपली कृष्णाकाठची काळी, चुनखडीची माती, सामू (पीएच) बहुतेक ठिकाणी 8 च्या आगेमागे, म्हणजे आंबटाच्या उलट बाजूला. दोन इंच ढलप्यांनी तो हलत नाही. आणि आंबटपणाचीच भीती असेल, तर पाइनची साल कशी चालते? ती स्वतःच आम्लधर्मी असते. साल वाईट नाही, दिसते छान, टिकतेही जास्त. पण जिथं उसाचं पाचट बांधावर पेटवून देतात, त्या जिल्ह्यात पिशवीतली साल पैसे मोजून आणायची?

जे सांगायला हवं होतं ते मेसेजमध्ये नाहीच. नुसता बारीक भुसा जाड पसरला की त्याची पापडी धरते आणि पाणी वरून वाहून जातं. आणि फर्निचरच्या कारखान्यातला भुसा प्लायवूड, एमडीएफचा असतो, त्यात डिंक आणि रसायनं. तो फुकट मिळाला तरी नको. वखारीत पोतं भरण्याआधी कुठलं लाकूड कापलंय ते विचारा.