बाजारपेठ सुशोभित झाली, आता कसं वागाल?

अभिनंदन मंडळी! आपल्या बाजारपेठेचा कायापालट झालाय. मोक्याची जागा पालिकेची, पैसा बिल्डरचा, वर फ्लॅट, खाली गाळे आणि बदल्यात आपल्याला फुटपाथ, दिवे, सेल्फी पॉइंट. परवाच्या पावसात गटाराचं पाणी थेट माझ्या ओटीवर आलं, तेव्हाच ठरवलं की तक्रार कसली करताय, लोकांना जरा मार्गदर्शन करूया.

पहिलं म्हणजे हरकत घ्यायची नाही. नोटीस ऐन गणपतीत लागते, आणि तुम्ही तेव्हा आरतीत असता हे त्यांना ठाऊक असतं.

फ्लॅटचं म्हणाल तर ब्रोशर बघून समाधान मानावं. भूमिपूजनाला 'सर्वसामान्यांना परवडणारी घरं' होती, आता ती 'सी व्ह्यू' झालीत. त्या खिडक्यांत मे महिन्यात आणि गणपतीत काय तो उजेड, बाकी वर्षभर कबुतरं. गावातला कोणी चुकून बुकिंगला गेलाच तर 'आधी वीस टक्के भरा, अ‍ॅग्रीमेंट मागाहून बघू'. घरखरेदीदारांसाठीच्या रेरा कायद्यात करार नोंदवल्याशिवाय 10 टक्क्यांवर पैसे घेता येत नाहीत म्हणे, पण तो कायदा अजून घाट उतरून कोकणात आलेला नसावा.

मासेवाल्या कुठे गेल्या हे विचारू नये. 2014 च्या फेरीवाला कायद्यात सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्र मिळेपर्यंत उठवायचं नाही असं आहे, पण कुंड्यांना जागा नको का?

चालताना पेव्हर ब्लॉकचा अंदाज घ्यावा, जो हलतो त्याच्याखाली पाणी असतंच आणि ते गुडघ्यापर्यंत उडतं. फुटपाथ वीतभर उंच केला, आमची जोती राहिली खाली, गटारावर काँक्रीटची झाकणं टाकून पाणी जायला तीन बोटांची भोकं ठेवली, ती पहिल्याच सरीत पानांनी नि गुटख्याच्या पुड्यांनी बुजली. मागचा पऱ्या, म्हणजे ओढा, बेसमेंट पार्किंगसाठी पाइपात कोंबला. इकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो हे ड्रॉइंग काढणाऱ्याला कोणी सांगितलंच नाही वाटतं. पालिकेत गेलं तर 'ते बिल्डरचं काम', बिल्डरकडे गेलं तर 'हँडओव्हर झालंय, पालिका बघेल', म्हणजे फायद्याला दोघं भागीदार आणि पाण्याला कोणी नाही, उपसायला मी नि माझी सत्तरीची आई!

अरे, 22 जुलै 2021 ला चिपळूणची अख्खी बाजारपेठ पाण्याखाली गेली, ते टीव्हीवर बघितलंत ना? मग पऱ्या बुजवताना हात कसा थरथरला नाही? पाणी कुठे जाणार हे इथल्या शेंबड्या पोराला विचारलं असतं तरी त्याने बोट दाखवलं असतं. पालिकेचा नि बिल्डरचा तो करार काय सोन्याच्या पत्र्यावर लिहिलाय का, दाखवत नाही तो? माहिती अधिकाराच्या कलम 4 प्रमाणे असली कागदपत्रं न मागता जाहीर करायची असतात. ती करा, आणि दोष दुरुस्तीची मुदत संपायच्या आत त्या बिल्डरला बोलावून ती झाकणं त्याच्याच खर्चाने उखडून घ्या.