चुंबक चिकटला म्हणून सिंक नकली ठरत नाही

घराचं काम काढलं की नातेवाइकांच्या ग्रुपवर सिंकबद्दलचा एक संदेश हमखास येतो. शब्द इकडचे तिकडे होतात, मुद्दे तेच राहतात. चुंबक घेऊन दुकानात जा, चिकटला तर माल नकली, नाही चिकटला तर अस्सल ३०४, म्हणजे सिंकसाठी चांगला मानला जाणारा स्टेनलेस स्टीलचा प्रकार. ३०४ ला गंज चढत नाही. पत्रा १६ गेजचाच घ्या. सिंक किमान दहा इंच खोल हवं. दोन कप्प्यांचंच घ्या. पैसे असतील तर क्वार्ट्झचं घ्या, त्याला डाग पडत नाहीत. आणि सिंक ईशान्येला नसेल तर काम चालू आहे तोवर हलवून घ्या.

जुन्या फ्लॅटमधली स्वयंपाकघरं नव्याने करून देणं हे माझं काम आहे. हा संदेश दाखवून लोक खरेदी ठरवतात तेव्हा मला गप्प बसवत नाही. यातले जवळपास सगळे मुद्दे दुकानात उभं राहून तपासायचे आहेत. ओट्याखाली काय आहे याबद्दल त्यात एक ओळ नाही, आणि सिंक छळतं ते बहुतेक वेळा तिथूनच.

आधी चुंबकाचं बघू, कारण सगळ्यात जास्त विश्वास त्याच्यावर आहे. ३०४ स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. त्याच्यापेक्षा स्वस्त म्हणून बाजारात २०० च्या मालिकेतलं स्टील चालतं. २०२ मध्ये निकेल ४ ते ६ टक्क्यांवर आणलेलं असतं आणि त्याची भरपाई मँगनीज वाढवून केलेली असते. मँगनीजमुळे त्याचीही अंतर्गत रचना ३०४ सारखीच राहते, म्हणून सपाट पत्र्याला चुंबक दोन्हीकडे चिकटत नाही. म्हणजे ज्या फसवणुकीची भीती घालून हा उपाय सांगितला जातो, नेमकी तीच तो पकडू शकत नाही.

उलटी बाजू याहून वाईट आहे. सपाट पत्रा साच्यात दाबून, खेचून त्याचं खोल भांडं करतात. या ताणाने ३०४ च्या रचनेतला थोडा भाग बदलतो आणि तो चुंबकाला ओढतो. हा ताण कोपऱ्यांत सर्वाधिक असतो, त्यामुळे खऱ्या ३०४ च्या सिंकलाही कोपऱ्यात चुंबक हलकासा चिकटू शकतो. असं सिंक ‘नकली’ म्हणून बाजूला सारून शेजारचं २०२ घरी नेणारी माणसं आहेत. चुंबक एवढंच खात्रीने सांगू शकतो, की तो सगळीकडे घट्ट चिकटत असेल तर ते ४०० च्या मालिकेतलं, निकेल जवळजवळ नसलेलं स्टील असण्याची दाट शक्यता आहे.

मग करायचं काय? बिलावर ‘एसएस ३०४’ असं लिहून घ्या. घरगुती स्टीलच्या सिंकसाठी आयएस १३९८३ हे भारतीय मानक आहे, त्याचा उल्लेख आहे का ते विचारा. फॅब्रिकेटरकडे आणि भंगारवाल्यांकडे तपासणीचं एक द्रावण असतं. पत्र्यावर थेंब टाकून छोटी बॅटरी लावली की मँगनीज जास्त असलेल्या स्टीलवर तो थेंब लालसर होतो. सिंकच्या मागच्या बाजूला हे करून बघता येतं. बिलावर ग्रेड लिहायला जो दुकानदार तयार होत नाही, त्याचा चुंबक घेऊन काय करायचं?

‘३०४ गंजत नाही’ हे अर्धवट आहे. स्टीलवर क्रोमियमच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो, तो आहे तोवर आतलं लोखंड सुरक्षित. हा थर क्लोराइडला घाबरतो: मिठाचं पाणी रात्रभर राहिलं, ब्लीच ओतून ठेवलं, बाथरूमचं ॲसिड वापरलं, की बारीक खड्डे पडायला लागतात. नूतनीकरणात तर याचा एक खास प्रकार घडतो, आणि तो प्रत्येकाला माहीत असायला हवा. फरशीवाले शेवटी टाइल्सवरचं सिमेंट काढायला ॲसिड मारतात. ते हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. बंद स्वयंपाकघरात त्याच्या वाफा नव्याकोऱ्या सिंकवर बसतात आणि आठवडाभरात तपकिरी ठिपके दिसतात. घरमालक दुकानदाराशी भांडतो, दुकानदार कंपनीकडे बोट दाखवतो. सिंकवर पुठ्ठा टाकून वाफा अडत नाहीत. ॲसिडचं काम पूर्ण होऊ द्या, भरपूर पाण्याने धुऊन घ्या, खिडक्या उघड्या ठेवा आणि मगच सिंक बसवा. ॲसिडची बाटली सिंकखालच्या ट्रॉलीत तर कधीच ठेवू नका.

प्रत्येक तपकिरी डाग सिंकचाच असतो असंही नाही. लोखंडी तवा किंवा विळी ओली तशीच सिंकमध्ये राहिली, तारेच्या घासणीचे कण चिकटून राहिले, तर गंज त्यांचा असतो. सुरुवातीलाच घासून काढला तर खालचं स्टील स्वच्छ निघतं.

गेजचा मुद्दा लवकर संपतो. आकडा लहान तितका पत्रा जाड. १६ गेज म्हणजे सुमारे दीड मिलिमीटर, १८ म्हणजे १.२ आणि २० म्हणजे एक मिलिमीटरच्या आसपास. हा उलटा हिशेब डोक्यात गोंधळ करतो, म्हणून जाडी मिलिमीटरमध्येच विचारा. साच्यातल्या सिंकचा तळ आणि कोपरे खेचताना पातळ होतात, त्यामुळे सांगितलेली जाडी ही मूळ पत्र्याची असते. घरच्या वापराला चांगलं १८ गेज पुरतं. भांडी आपटल्याचा आवाज कमी करतात ते खाली चिकटवलेले रबराचे पॅड आणि लेप, त्यामुळे सिंक उलटं करून ते बघा. पत्रा दुमडून, जोडून केलेली सिंक जाड पत्र्याची असतात हे खरं, पण काटकोनी कोपऱ्यांची असतील तर तिथे खरकटं अडकतं आणि ते रोज बोटाने काढावं लागतं.

आता खोली. ‘दहा इंच तरी हवंच’ या एका वाक्याने जेवढी स्वयंपाकघरं बिघडवली तेवढी नकली स्टीलने बिघडवली नसतील. हिशेब करू. ओटा जमिनीपासून ३३ इंचांवर आहे. दहा इंच खोल सिंकचा तळ २३ इंचांवर आला. त्याखाली वेस्ट कपलिंग, म्हणजे सिंकच्या भोकाला बसणारी जोडणी, आणि बॉटल ट्रॅप, म्हणजे थोडं पाणी अडवून ठेवणारं बाटलीसारखं भांडं. ट्रॅपचं बाहेर जाणारं तोंड सिंकच्या तळापासून आणखी पाच-सहा इंच खाली असतं, म्हणजे १७-१८ इंचांवर. भिंतीतल्या पाइपाचं तोंड त्याच्याही खाली हवं, तरच पाणी उताराने जाईल. जुन्या इमारतींत पाइप उथळ सिंकच्या मापाने भिंतीत बसवलेले असतात आणि ते तोंड बरेचदा याच्या वर निघतं. मग प्लंबर ट्रॅप काढून टाकतो आणि लवचीक स्प्रिंग पाइप वर वळवून भिंतीत खुपसतो. त्या वळणात तेलकट पाणी कायम साचून राहतं, थर धरतं आणि सिंक तुंबायला लागतं. वळण नीट बसलं नसेल तर पाण्याचा अडसरही राहत नाही आणि ड्रेनेजचा वास, झुरळं थेट स्वयंपाकघरात येतात. ट्रॅपमधलं दोन इंच पाणी हाच तर आपल्या आणि गटाराच्या मधला पडदा आहे. ओट्याच्या खालून बसवलेलं सिंक दगडाच्या जाडीएवढं आणखी खाली जातं, तेही या हिशेबात धरा.

पाठीचा विचार तर त्या संदेशात कुणी केलेलाच नाही. २३ इंचांवरच्या तळातली भांडी घासायची म्हणजे रोज अर्धा-पाऊण तास कमरेत वाकून उभं राहायचं. घरात ते काम आई करत असेल, सून करत असेल, की भांड्यांच्या मावशी. तिची उंची मोजून सिंक घ्या. सरळ उभं राहून, खांदे न झुकवता हात तळाला टेकायला हवेत. बहुतेक घरांना आठ इंच बरोबर बसतात. कळशी भरायची असेल तर खोलीपेक्षा नळाची उंची वाढवणं सोपं.

म्हणून खरेदीआधी टेप घेऊन दोनच मापं लिहा: जमिनीपासून ओट्याच्या वरच्या कडेपर्यंत आणि जमिनीपासून भिंतीतल्या पाइपाच्या तोंडापर्यंत. सिंकचा पाइप खाली नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे जमिनीतल्या जाळीखालच्या ट्रॅपमध्ये, सोडलेला असेल, तर तिथली फट रबरी कॉलरने बंद होईल ना, तेवढं बघा.

दोन कप्प्यांबद्दल: घरातली सगळ्यात मोठी परात आणि कढई घेऊन दुकानात जा. ३७ इंचांच्या जागेत दोन कप्पे केले की एकातही परात आडवी मावत नाही, पाणी ओट्यावर सांडतं. त्याच जागेत एक मोठं भांडं आणि शेजारी निथळायची जागा जास्त कामाची. ओटा लांब असेल तर दोन कप्पे जरूर घ्या.

क्वार्ट्झचं सिंक म्हणजे साधारण ८० टक्के क्वार्ट्झची भुकटी आणि बाकी रेझिन. दिसायला सुरेख, आवाज कमी. पण बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर काळ्या सिंकवर क्षारांचे पांढरे ओघळ लगेच उठून दिसतात, आणि फिकट रंगावर हळद रेंगाळते. जड लोखंडी कढई हातातून सुटली तर कपचाही उडू शकतो. हे स्वीकारून घेत असाल तर घ्या.

ईशान्येचं काय? वास्तू मानावी की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. पण सांडपाण्याच्या पाइपाला साधारण चाळीस फुटांना एक फूट उतार लागतो. सिंक दहा फूट हलवलं तर तीन इंच उतार हवा. ते तीन इंच जमीन फोडूनच मिळणार असतील, तर वॉटरप्रूफिंग तुटतं आणि खाली कुणाची तरी झोपायची खोली असते. सोसायटीची परवानगी आणि मूळ नकाशा बघितल्याशिवाय याला हात लावू नका.

बसवताना दगड आणि सिंकच्या सांध्यात पांढरं सिमेंट नको, ते तडकतं. न्यूट्रल क्युअर प्रकारचं सॅनिटरी सिलिकॉन वापरा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन संगमरवरासारख्या दगडावर डाग पाडतं. लावलेलं सिलिकॉन एक दिवस सुकू द्या. मग बूच लावून सिंक काठोकाठ भरा, सगळ्या सांध्यांखाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद पसरा आणि बूच एकदम काढा. कागद कोरडा राहिला आणि पाणी न गुरगुरता गेलं, की मग प्लंबरचे उरलेले पैसे द्या.