कुत्र्याच्या लठ्ठपणाचे खापर जिवाणूंवर फोडणारा संदेश

कुत्रे पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश सध्या जोरात फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: कुत्रा खाण्याने लठ्ठ होत नाही, आतड्यात ‘वाईट’ जिवाणू माजल्याने होतो, हे उंदरांवर सिद्ध झाले आहे आणि लठ्ठ कुत्र्यांतही तेच जिवाणू सापडले आहेत, तेव्हा खाणे तोडून मुक्या जिवाची उपासमार करू नका, रोज वाटीभर दही किंवा प्रोबायोटिक (उपयुक्त जिवाणूंची) पूड द्या, वजन आपोआप उतरेल, शिवाय यात अपाय काहीच नाही. यातल्या बहुतेक दाव्यांत खऱ्याचा अंश आहे, आणि संदेश पटतो तोही त्यामुळेच.

उंदरांचा प्रयोग खरा आहे. अमेरिकेतील सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेने २००६ साली लठ्ठ उंदरांच्या आतड्यातले जिवाणू जंतुविरहित उंदरांत सोडले, तेव्हा दोन आठवड्यांत या उंदरांच्या अंगावर, सडपातळ उंदरांचे जिवाणू मिळालेल्या उंदरांपेक्षा अधिक चरबी चढली. मात्र ज्यांच्यात जिवाणू सोडले ते उंदीर निर्जंतुक पेटीत जन्मलेले व वाढलेले होते आणि त्यांच्या आतड्यात त्याआधी एकही जिवाणू नव्हता; घरातल्या कुत्र्याची अशी अवस्था कधीच नसते. ज्यांचे जिवाणू घेतले ते उंदीरही मुळात लठ्ठ झाले होते ते लेप्टिन या संप्रेरकाच्या जनुकातील दोषामुळे, म्हणजे भूक आवरत नसल्याने अतोनात खाऊन. संदेशात हा भाग नेमका गळलेला आहे.

‘लठ्ठ कुत्र्यांतही तेच जिवाणू सापडले’ हा दावा तर सरळ चुकीचा आहे. उंदरांत आणि माणसांवरील सुरुवातीच्या अभ्यासांत लठ्ठपणाबरोबर फर्मिक्यूट्स या जिवाणूगटाचे प्रमाण वाढलेले दिसले होते, आणि माणसांबाबतचा तो निष्कर्षही पुढच्या मोठ्या विश्लेषणांत टिकला नाही. कुत्र्यांचे काय? हाँडल आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली घरगुती कुत्र्यांच्या विष्ठेची तुलना केली, तेव्हा लठ्ठ कुत्र्यांत ॲक्टिनोबॅक्टेरिया गट आणि रोझबुरिया नावाचे जिवाणू अधिक आढळले, पण एकूण फरक बेताचाच होता. २०१५ साली कोरियातील संशोधकांनी बीगल जातीच्या मोजक्या कुत्र्यांवर केलेल्या अभ्यासात उलटेच चित्र दिसले: फर्मिक्यूट्सचे प्राबल्य सडपातळ कुत्र्यांत होते आणि लठ्ठ कुत्र्यांत प्रोटिओबॅक्टेरियाचे. अभ्यासागणिक आरोपी बदलत असेल, तर ‘वाईट जिवाणू’ नेमका कोणता आणि दह्याने घालवायचा तो कोणाला, हे संदेश लिहिणाऱ्याने सांगायला हवे.

शिवाय फरक सापडणे म्हणजे कारण सापडणे नव्हे. कोएल्यो, पीअर बोर्क आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली ६४ लॅब्रॅडोर व बीगल कुत्र्यांवर केलेल्या अभ्यासात आहारातील प्रथिने आणि कर्बोदके यांचे प्रमाण बदलताच आतड्यातली जिवाणूंची वस्ती बदलली, आणि हा बदल जादा वजनाच्या कुत्र्यांत अधिक ठळक होता. म्हणजे ताटातले बदलले की आतड्यातले बदलते, ही दिशा तरी स्पष्ट आहे. उलट दिशेनेही काही परिणाम होत असेल, पण त्यावरून खाण्याला निर्दोष ठरवता येत नाही.

आता खाण्याकडे वळू, कारण खरा हिशेब तिथेच आहे. ज्या कुत्र्याचे योग्य वजन १० किलो असायला हवे, त्याची विश्रांतीतील उष्मांकाची गरज, पशुवैद्य वापरतात त्या सूत्राने (किलोतील वजनाचा ०.७५ घात गुणिले ७०), दिवसाला सुमारे ३९४ किलोकॅलरी येते, आणि वजन उतरवताना साधारण याच आकड्याच्या आसपास राहावे लागते. एका लहान ग्लुकोज बिस्किटात २० ते २५ किलोकॅलरी असतात आणि एका मध्यम पोळीत सुमारे १००. सकाळच्या चहाबरोबर आजोबांनी दिलेली चार बिस्किटे आणि रात्री ताटाखाली सरकवलेली एक पोळी एवढ्यानेच त्याचा अर्धा दिवस भरतो, आणि त्याचे रीतसर जेवण अजून व्हायचेच असते. ‘आमचा तर काहीच खात नाही’ असे सांगणाऱ्या घरांत ही बिस्किटे कुणी खाण्यात धरतच नाही. नसबंदीनंतर गरज आणखी घटते, ताट मात्र तेवढेच राहते.

काही कुत्री जन्मतः अधिक भुकेली असतात, हेही खरे. पण त्याचा दोष जिवाणूंचा नाही. केंब्रिजच्या एलिनॉर रॅफन यांच्या गटाने २०१६ साली दाखवले की सुमारे २३ टक्के लॅब्रॅडोरमध्ये पीओएमसी या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो आणि जनुकाच्या अशा प्रत्येक सदोष प्रतीमागे वजन सरासरी २ किलोने वाढते.

‘उपासमार’ हा शब्द भावनेला हात घालणारा आहे. लॅब्रॅडोरच्या ४८ पिल्लांच्या जोड्या लावून त्यांचा जन्मभर पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासात (निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले) प्रत्येक जोडीतील एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणे दिले गेले. कमी खाणाऱ्यांचे मध्यक आयुष्य १३ वर्षे भरले, दुसऱ्यांचे ११.२; आणि सांध्यांची झीजही कमी खाणाऱ्यांत उशिरा दिसली. वजन आठवड्याला १ ते २ टक्के या गतीने उतरवले, तर त्याला उपासमार म्हणता येत नाही.

दह्याबद्दल मला आकस नाही; दुधातली साखर सोसणाऱ्या कुत्र्याला चमचाभर साधे दही खुशाल द्यावे. जुलाबांवर काही प्रोबायोटिकांचा उपयोग होतो, आणि जिवाणूंच्या निवडक वाणांचा वजनावर काय परिणाम होतो याचे थोड्या कुत्र्यांवर झालेले प्रयोगही आशादायक आहेत. पण ते वाण मोजून-मापून दिलेले असतात, घरच्या विरजणात कोणते जिवाणू किती आहेत हे कोणी मोजलेले नसते, आणि दह्यातले बहुतेक जिवाणू आतड्यात वस्ती करून राहत नाहीत. वाटीभर दह्याचे उष्मांक मात्र नक्की जमा होतात.

राहिला ‘अपाय नाही’ हा दावा. साखरविरहित म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पदार्थांत झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ असतो. तो कुत्र्याच्या रक्तातील साखर झपाट्याने खाली आणतो आणि यकृतालाही इजा करतो, म्हणून स्वादयुक्त दह्याचे लेबल वाचल्याशिवाय ते देऊ नये. त्याहून मोठा अपाय वेळ दवडण्याचा आहे. बेताचे खाऊनही कुत्रा जाड होत असेल, सुस्तावला असेल आणि त्याचे केस विरळ होत असतील, तर थायरॉइडची कमतरता असू शकते. पोट सुटले असेल आणि तो सारखा पाणी पीत असेल, तर कुशिंग विकाराची (शरीरात कॉर्टिसोल हे संप्रेरक जास्त होण्याची) शंका घ्यावी लागते. दोन्ही विकार तपासणीत सापडतात आणि दोन्हींवर औषधे आहेत, पण त्यासाठी दह्याच्या परिणामाची वाट न पाहता कुत्र्याला पशुवैद्याकडे न्यावे लागते.