कोलोरॅडो ‘जिंकली’ म्हणणाऱ्या पोस्टला उत्तर

धरणांचे साठे तळाला गेले की एक पोस्ट हमखास वर येते. यंदाही आमच्या शेतीच्या ग्रुपवर ती तीन वेळा आली. मजकूर थोडक्यात असा: जॉन वेस्ली पॉवेल नावाच्या एका हाताच्या मर्दाने १८६९ साली निर्मनुष्य दरीतून अमेरिकेतली कोलोरॅडो नदी शोधून काढली. मग अमेरिकेने तिच्यावर हूवर धरण बांधलं, त्याच्या काँक्रीटमध्ये शेकडो मजूर जिवंत गाडले गेले आणि ते काँक्रीट आजही ओलं आहे. सात राज्यांनी एका टेबलावर बसून पाणी वाटून घेतलं, तंटा नाही की लवाद नाही. एक थेंब समुद्रात वाया जात नाही. आता पाणी आटलंय ते लास व्हेगसच्या कारंज्यांमुळे. आणि शेवटी ठरलेलं: ‘आपले पुढारी कधी शिकणार?’

माझी उभी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. पुढाऱ्यांचं सोडा, बाकीच्या मुद्द्यांवर मात्र गप्प बसवत नाही.

पहिला मुद्दा, शोध. पॉवेल धाडसी होता यात वाद नाही. उजवा हात त्याने अमेरिकेच्या यादवी युद्धात, शायलोच्या लढाईत गमावला होता. २४ मे १८६९ रोजी चार होड्या आणि नऊ सोबती घेऊन तो निघाला, ३० ऑगस्टला बाहेर पडला तेव्हा त्याच्यासह सहाच जण उरले होते. पण निर्मनुष्य? प्रवासाच्या शेवटी शेवटी पीठ बुरसलेलं, खारवलेलं मांस कधीच फेकून दिलेलं, अशा अवस्थेत या मंडळींना काठावर मक्याचं आणि भोपळ्याचं शेत दिसलं. मालक जागेवर नव्हता. यांनी डझनभर भोपळे उचलले आणि होड्या हाकल्या. ही गोष्ट पॉवेलनेच लिहून ठेवली आहे. ज्या नदीकाठी भोपळे चोरायला मिळतात ती नदी निर्मनुष्य कशी? मोहावी, क्वेचान, कोकोपा, हवासुपाई हे आदिवासी लोक तिथं पिढ्यान्‌पिढ्या होते. १५४० साली स्पॅनिश लोकांना याच नदीच्या ग्रँड कॅन्यन दरीचा कडा दाखवला तोही होपी वाटाड्यांनी. पॉवेलने केलं ते असं की नकाशावरची कोरी जागा भरली. तेवढं श्रेय त्याला द्यावं.

दुसरा, काँक्रीट. धरण ओतायला सुरुवात जून १९३३ मध्ये झाली, संपलं मे १९३५ मध्ये. सिमेंट घट्ट होताना उष्णता सोडतं. एवढा ठोकळा एकसंध ओतला असता तर थंड व्हायला १२५ वर्षं लागली असती, असा धरणाच्या अभियंत्यांचा हिशोब होता. पोस्टवाल्यांनी हा ‘लागली असती’ काढून टाकला. प्रत्यक्षात धरण सुट्या ठोकळ्यांत, पाच-पाच फुटांच्या थरांनी ओतलं, आत साडेनऊशे किलोमीटरच्या आसपास नळ्या घालून त्यातून गार पाणी फिरवलं, आणि नंतर त्या नळ्या सिमेंटच्या लगद्याने बुजवल्या. एका बादलीने थराची पातळी काही इंचच वाढायची, त्यात उभा माणूस बुडणार कसा? शिवाय आत मृतदेह म्हणजे भिंतीत पोकळी, ती कोणता अभियंता राहू देईल?

मजूर मेले, हे मात्र खरं. सरकारी आकडा ९६. नदी वळवायला खणलेल्या बोगद्यात पेट्रोलच्या गाड्या चालत, धूर कोंडे, माणसं आजारी पडत आणि कागदावर ‘न्यूमोनिया’ लागे. न्यूमोनिया त्या ९६ मध्ये धरत नाहीत. मजुरांनी कंत्राटदारांवर खटले भरले, ते १९३६ मध्ये कोर्टाबाहेर मिटवले गेले. भिंतीत गाडल्याची दंतकथा सांगत बसलं की हा धूर विसरायला होतो.

आता वाटपाचं. इथे पोस्ट सगळ्यात जास्त चुकते, आणि मला थोडं लांबण लावावं लागेल.

२४ नोव्हेंबर १९२२ रोजी सांता फे इथं करार झाला हे बरोबर. वरच्या खोऱ्याला ७५ लाख एकर-फूट (एकरभर रानात फूटभर उभं पाणी म्हणजे एक एकर-फूट), खालच्याला तेवढंच. आपल्या हिशोबात प्रत्येकी ३२७ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. पुढे १९४४ च्या तहाने मेक्सिकोला ६५ टीएमसी. बेरीज सुमारे ७२० टीएमसी. प्रश्न असा की नदीत तेवढं पाणी होतं का? करार करणाऱ्यांच्या हाती दोनेक दशकांच्या नोंदी होत्या आणि ती वर्षं नेमकी ओली निघाली. विसाव्या शतकाची सरासरी जेमतेम ६५० च्या आसपास भरते. १९७६ मध्ये झाडांच्या खोडातल्या वाढकड्यांवरून काही शतकांचा अंदाज काढला तेव्हा तो ५९० टीएमसीच्या खाली आला. २००० नंतरची वर्षं त्याहूनही कोरडी.

ज्यांना आपल्या लवादाचा उल्लेख शिवीसारखा करायची सवय आहे त्यांनी हे बघावं: कृष्णेसाठी बच्छावत लवादाने ७५ टक्के विश्वासार्हतेचा येवा (नदीत येणारं पाणी) धरला, म्हणजे शंभरातल्या पंचाहत्तर वर्षी मिळेलच असा. २०६० टीएमसी. त्यातून महाराष्ट्राला ५६०. लवादावर माझे स्वतःचे आक्षेप कमी नाहीत, पण चांगल्या पावसाच्या चार वर्षांवर कायमचं वाटप करू नये एवढी अक्कल त्यात होती.

आणि तंटा नाही म्हणता? सातांपैकी एक राज्य ॲरिझोना, त्याने करारावर मोहोर उठवायला १९४४ उजाडलं. १९३४ मध्ये याच नदीवरच्या पार्कर धरणाचं काम थांबवायला त्यांच्या गव्हर्नरने चक्क सशस्त्र शिपाई पाठवले. होड्यांतून पहारा सुरू झाला, वर्तमानपत्रांनी त्याला ‘ॲरिझोनाचं आरमार’ म्हणून हसून घेतलं. मग १९५२ मध्ये कॅलिफोर्नियावर दावा लावला, निकाल १९६३ मध्ये. अकरा वर्षं! ज्यांच्या शेतातले भोपळे गेले त्या आदिवासींना तर १९२२ च्या टेबलावर खुर्चीच नव्हती.

गंमत म्हणजे, पोस्टचा नायक पॉवेल १८९३ मध्ये लॉस एंजेलिसच्या सिंचन परिषदेत उभा राहिला आणि म्हणाला की या जमिनीला पुरेल एवढं पाणी इथं नाही, तुम्ही भांडणं आणि खटल्यांचा वारसा रचताय. सभेने त्याची हुर्यो उडवली.

लास व्हेगसचा मुद्दा दोन ओळींत संपतो. अख्ख्या नेवाडा राज्याचा वाटा १३ टीएमसी, खालच्या खोऱ्याचा चार टक्के. घरात वापरलेलं बहुतेक पाणी शुद्ध करून ते परत हूवर धरणामागच्या मीड जलाशयात सोडतात. कॅलिफोर्नियाच्या इम्पिरियल खोऱ्यातल्या एकट्या सिंचन संस्थेचा हक्क १३५ टीएमसी आहे, म्हणजे आपली कोयना काठोकाठ भरून वर तीस. माणसं वापरतात त्या पाण्यातलं तीन चतुर्थांश शेतीला जातं, आणि त्यात मोठा वाटा गुरांच्या चाऱ्याचा, लसूणघासाचा. ऊस पिकवणाऱ्यांनी दुसऱ्याच्या कारंज्याकडे बोट दाखवताना जरा बेताने दाखवावं, मी ऊसवालाच आहे म्हणून बोलतो.

राहिलं ‘एक थेंब समुद्रात वाया जात नाही’. पोस्टमधलं हे एकच वाक्य जवळपास खरं आहे. ज्या १९२२ साली करार झाला त्याच वर्षी आल्डो लिओपोल्ड हा वनाधिकारी भावासोबत होडीतून नदीच्या मुखाशी गेला होता. तिथं हिरवी दलदल, पक्ष्यांचे थवे, काठच्या झाडीत हरणं. १९६३ मध्ये नदीच्या वरच्या अंगाला ग्लेन कॅन्यन धरणाचे दरवाजे मिटले, त्यामागचा जलाशय भरायला १७ वर्षं लागली, आणि तेवढ्या काळात ते मुख वाळूत जमा झालं. पाणी सीमेपलीकडे पोचे तेही कसलं? १९६१ पासून ॲरिझोनातल्या एका सिंचन प्रकल्पाचा खारा निचरा नदीत सोडला जाऊ लागला. मेक्सिकालीच्या शेतकऱ्यांना त्यांच्या वाट्याचं पाणी आकड्यात पूर्ण मिळत होतं, क्षार मात्र जवळपास दुप्पट झाले होते. शिरोळ-वाळव्याची क्षारपड रानं ज्याने पाहिली आहेत त्याला पुढचं सांगायला नको. त्यावर तोडगा निघायला १९७३ साल उजाडलं.

शेवटी मार्च २०१४ मध्ये दोन्ही देशांनी ठरवून साडेचार टीएमसी पाणी सीमेवरच्या मोरेलोस बंधाऱ्यातून खाली सोडलं. मेक्सिकोतल्या सान लुइस रिओ कोलोरॅडो या गावाच्या नावातच नदी आहे, पण पात्रात रेती. पाणी आलं तसं सारं गाव पात्रात उतरलं. पोरं पाण्यात नाचली, कारण त्यांनी तिथं नदी कधी पाहिलीच नव्हती. मे महिन्यात काही दिवस ते पाणी समुद्राच्या भरतीला जाऊन भिडलं. १८ मेला दरवाजे बंद झाले.