अप्पा, ते ओढत नाही!

घोडबंदर रोडला राहून फिजिक्सच्या शिकवण्या घेणाऱ्या माणसाचे पावसाळ्यात दोन छळ होतात. पहिला खड्ड्यांचा, तो सगळ्यांच्याच वाट्याला येतो. दुसरा खास माझा. "सर, तुमचं ब्लॅक होल पाहिलंत का, कापूरबावडीच्या पुढे?" रिक्षावाला विचारतो, सोसायटीचे सेक्रेटरी विचारतात. हा विनोद जगात पहिल्यांदा आपल्यालाच सुचला, असा आनंद प्रत्येकाच्या चेहऱ्यावर असतो.

पूर्वी मी हसायचो. हल्ली समजावून सांगतो. त्यामुळे लोक मला टाळतात, पण अडकलेल्या बसमध्ये टाळून जाणार कुठे?

परवा माजिवड्याला बस अडकली. शेजारी आमच्याच मजल्यावरचे अप्पा. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सगळा ट्रॅफिक आत ओढून घेतोय हा खड्डा. तुमच्या ब्लॅक होलसारखा."

"अप्पा, ते ओढत नाही!"

बस गप्प झाली. आता मागे फिरणं शक्य नव्हतं.

"सूर्य काढून त्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचं कृष्णविवर ठेवलं ना, तरी पृथ्वी आहे त्याच कक्षेत फिरत राहील. अंधार होईल, आपण गारठून मरू, पण आत कोणी खेचलं जाणार नाही."

"मग एवढा बोभाटा कशाला?"

"फार जवळ गेलात तर. सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवराची हद्द केंद्रापासून जेमतेम 3 किलोमीटरवर. तिला घटना क्षितिज म्हणतात. तिच्या आत गेलेला प्रकाशसुद्धा परत येत नाही. आणि पृथ्वीचं कृष्णविवर करायचं, तर ती दाबून दाबून तिची त्रिज्या 9 मिलिमीटरवर आणावी लागेल."

अप्पांनी अंगठा आणि तर्जनीत अंतर धरून बघितलं. "एवढ्यात सगळं ठाणं?"

"ठाणं, कळवा, मुंब्रा, सगळं."

"मेट्रोचे खांबपण?"

"तेही."

"मग रस्ता मोकळा होईल," अप्पा म्हणाले.

मी नेटाने पुढे गेलो. 1930 साली एकोणीस वर्षांचा चंद्रशेखर नावाचा मुलगा मुंबईहून बोटीने इंग्लंडला निघाला आणि वाटेत त्याने गणित मांडलं. इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा सूर्याच्या साधारण 1.4 पटींहून जड असेल, तर तो श्वेत बटू (म्हणजे विझत जाणारा छोटा, घट्ट तारा) म्हणून स्वतःचा भार पेलू शकत नाही. तो आणखी आकसतो, न्यूट्रॉन तारा होतो, आणि तेही झेपलं नाही तर कृष्णविवर. 1935 मध्ये लंडनच्या भरसभेत एडिंग्टनसारख्या बड्या शास्त्रज्ञाने त्याची खिल्ली उडवली. नोबेल मिळायला 1983 उजाडलं. (मुंबईहून निघालेल्या माणसाला वाटेत विचार करायला भरपूर वेळ मिळतो, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.)

"म्हणजे याची सुरुवातसुद्धा मुंबईतूनच," अप्पा म्हणाले. "वाटलंच मला."

शेवटी मी हुकमाचा एक्का काढला. "हे बघा, खड्डा खडी टाकून बुजवता येतो. कृष्णविवर बुजत नाही. जितकं आत टाकाल तितकं ते मोठं होतं."

"मग खड्डाच की तो!" मागच्या सीटवरून आवाज आला, आणि सगळी बस हसली. कंडक्टरसुद्धा. गणपतीच्या आधी टाकलेली खडी आठवून मलाही उत्तर सुचेना.

सावरून घेण्यासाठी मी काळाकडे वळलो. घटना क्षितिजाकडे जाणाऱ्या माणसाचं घड्याळ लांबून बघणाऱ्याला हळू, आणखी हळू होत जवळजवळ थांबल्यासारखं दिसतं. खुद्द त्या माणसाला मात्र आपलं घड्याळ नेहमीसारखंच चालताना दिसतं.

अप्पा ऐकत होते की नाही, कळायला मार्ग नव्हता. कारण तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. "अगं हो, पाच मिनिटांत पोचतोच," ते म्हणाले.

तीन हात नाक्यालाही ते हेच म्हणाले होते.